आडनाव कुणाच्या बापाचं?

एका चौदा एप्रिलला एका हापिसात भाषण ऐकायला बसलो होतो. सरकारी खुर्च्या, झेंडूचा हार, फोटोपुढं दोन मेणबत्त्या. पाहुणे म्हणून एक रिटायर प्राध्यापक बोलावलेले. माणूस वाईट नव्हता. आवाजात ओलावा होता, अभ्यासही होता. घटना सांगितली, ग्रंथप्रेम सांगितलं, अठरा तास अभ्यास सांगितला. आणि शेवटाला गळा भरून म्हणाले, "पण मित्रहो, एक गोष्ट आपण विसरता कामा नये. आंबेडकर हे आडनावसुद्धा त्यांना एका ब्राह्मण शिक्षकानेच दिलं आहे."

टाळ्या पडल्या. आमच्याच पोरांनी वाजवल्या. मीबी वाजवल्या असतील, हाताला सवय असते.

घरी आलो, जेवलो, आडवा झालो, तरी ते वाक्य काही जाईना. दिलं. दिलं म्हंजे काय? हा शब्द आम्हाला नवा नाही. शिळं दिलं. उतरलेलं लुगडं दिलं. मेलेलं ढोर दिलं. सुगीला खळ्यावरचं खालचं मातेरं दिलं आणि त्याला बलुतं म्हणाले. आता आडनावसुद्धा दिलं. म्हंजे ज्या माणसानं देशाला घटना लिहून दिली, त्याच्या सहीतलं शेवटचं नाव पुन्हा कुणाच्या तरी ओसरीवरनं खाली टाकलेलं. आम्ही ते पदरात झेललेलं. दोस्तांनो, हे सगळं मी त्या एका क्रियापदावर लिहितोय.

आधी माझं सांगतो. माझं आडनाव इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा पहिल्यांदा त्याचा वास घेणार, हा कुठला, हा कोण, आणि मग मजकूर वाचणार. ही खोड परक्यांनाच आहे असं नाही, आपल्यालाही आहे. एवढंच सांगतो की ते गावावरनं पडलेलं आहे, पुढं 'कर' आहे, आणि आमच्या एका घराशिवाय ते कुठंही नाही. माझा भाऊ, मी, आमची पोरं. संपलं.

ते कसं पडलं ते बापानं सांगितलेलं. १९४६ साली आज्यानं बापाला शाळेत घालायला नेलं. सातारा जिल्ह्यातली माणदेशाकडची शाळा, देवळाच्या पडवीत भरायची. मास्तरानं लांबूनच विचारलं,

"आडनाव काय?"

"म्हार जी."

"जात नव्हे रे. आडनाव."

आज्याला आडनाव म्हंजे काय ते ठाऊक नव्हतं. वतनाच्या कागदावर तो सोननाक वल्द रामनाक होता. पण मास्तराच्या कॅटलॉगात रकाना होता, आणि रकाना मोकळा ठेवला तर तपासणीला येणारा साहेब मास्तरालाच झापणार. मास्तर म्हणाला, "गाव कुठलं तुझं? त्याला कर लावतो." लावला. एवढाच विधी. नारळ नाही, बारसं नाही. आणि लगेच शेजारच्या रकान्यात 'महार' लिहिलं, ते मात्र विचारायची गरज पडली नाही.

चार दिवसांनी बातमी पाटलाच्या वाड्यावर गेली. आज्याला बोलावणं आलं. आज्या पायरीखाली उभा. पाटील म्हणाला, "काय रं सोन्या, पोराला गावाचं नाव लावलंस म्हनं? गाव तुझ्या बापाचं हाय व्हय?"

आज्या काही बोलला नाही. जोहार घातला आणि मागं फिरला. खोपटात आल्यावर बापाला म्हणाला, "आपल्याच बापाचं हाय. येशीपाशी रातभर कोन बसतं? शीव कुनाला ठाव हाय?"

आता ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाची वेस राखायचा महार, येसकर तो. आणि दोन गावांत शिवेचा तंटा पडला की पुढं घालायचा महारालाच. अमुक धोंड्यापासून तमुक ओढ्यापर्यंत त्यानं चालत जायचं आणि तो चालेल ती शीव धरायची. महाराची साक्ष शिवेला प्रमाण. म्हंजे गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच गावकुसाच्या आत येऊन राहायची बंदी. आत राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही. तो आतच असतो. तो जाधव, शिंदे, मोरे, पवार असं कुळाचं नाव लावतो. आमच्यातही तीच कुळं आहेत बरं का, जाधव आहेत, शिंदे आहेत, गायकवाड आहेत. त्यावरही वरचे म्हणतात, आमची आडनावं घेतलीत. बामणाचं घेतलं तर बामणानं दिलं, मराठ्याचं घेतलं तर आम्ही चोरलं. म्हंजे आमचं स्वतःचं असं काही असूच शकत नाही, हे दोघांनीही गृहीतच धरलंय.

आमचं स्वतःचं होतं. 'नाक' होतं. रामनाक, सोननाक, शिदनाक, रायनाक. कुणी ते नायकवरनं आलं म्हणतो, कुणी नागवरनं. कोरेगाव भीमाच्या स्तंभाकडं बघा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं दगडात कोरलेली आहेत. ४९ नावं, त्यातली २२ नाकवाली. आडनाव नाही, गाव नाही. नाक एवढं सांगितलं की महार, पुढं विचारायचं कारण नाही. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं जाऊन उभे राहिले. तेव्हापासून आपण जातो. पण त्या दगडावरची नावं आपल्यातलं किती जण वाचतात? वाचा. इंग्रजी अक्षरात आहेत, बोट ठेवून वाचा. ती आपली शेवटची नाकवाली पिढ्यांची नावं. तिथनं पुढं शंभरेक वर्षांत नाक गळत गेलं आणि आडनावं आली.

गळलं का? कारण ते नाव नव्हतं, बिल्ला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ सांगणारं, वैश्याचं धन सांगणारं आणि शूद्राचं किळस यावी असं. शूद्राचं ही तऱ्हा, मग त्याच्याही खालच्याचं काय? आमच्यात धोंड्या, कचऱ्या, उकिरड्या, मसन्या किती झाले ते मोजायला नको. खरं सांगायचं तर मूल जगावं म्हणून अशी नावं कुणब्यामराठ्यांतही ठेवत, ते वेगळं. पण त्यांच्या कचऱ्याला मोठेपणी कचरूअप्पा म्हणत. आमचा कचऱ्या मरेपर्यंत कचऱ्याच. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला ते पुस्तक जाळलं तेव्हा त्यात ही नावं ठेवायची रीतही जळाली असं मी मानतो.

तर आता मूळ गोष्टीवर येतो.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुका. त्यात आंबडवे गाव. पुस्तकांत आंबावडे असंही छापतात. बाबासाहेबांचं घराणं तिथलं. कूळ सकपाळ. आजा मालोजी सकपाळ फौजेत, बाप रामजी फौजेत सुभेदार. गावावरनं घराण्याला आंबडवेकर, आंबावडेकर असं म्हणत. कोकणातली जुनी रीत, गाव धरायचं आणि कर लावायचा. आडनावाचा अर्थ एवढाच, आंबडव्याचा माणूस. त्यात गूढ काही नाही. पण कोण म्हणतोय ते बघा. महारवाड्यातला माणूस म्हणतोय की मी गावचा. गावानं त्याला कधी आपला म्हटलेलं नाही, आणि हा गावाचंच नाव सहीत घेऊन सातारला, मुंबईला, परमुलखाला चाललाय. त्या काळात हे साधं नव्हतं. माझ्या आज्याला पाटलानं विचारलं ते आंबडव्यात कुणी तरी विचारलंच असेल, असं माझं मन सांगतं.

आता मास्तर. मास्तर झाले नाहीत असं मी म्हणत नाही. म्हणणारेही आहेत, पण माझ्यानं म्हणवत नाही, कारण आठवण खुद्द बाबासाहेबांनी सांगितलेली आहे, १९४७ च्या 'नवयुग'च्या आंबेडकर विशेषांकात. शाळेत आंबेडकर नावाचे मास्तर होते, त्यांचा पोरावर जीव होता, मधल्या सुट्टीत घरी लांब जायला लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी पोराला द्यायचे. तुझं आंबावडेकर आडनिडं आहे, माझं आंबेडकर नाव लाव, असं म्हणून त्यांनी कॅटलॉगात तशी नोंद केली. पुढं गोलमेज परिषदेच्या वेळी मास्तरांनी पत्र लिहिलं, ते बाबासाहेबांनी जपून ठेवलं. उपकार ठेवून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, विसरायचाही नव्हता. त्या भाकरीला मीही हात जोडतो. हरिजनसेवेच्या भाषणापेक्षा ती भाकरी कधीही मोठी.

पण दुसरा कागदही आहे. सातारच्या सरकारी हायस्कूलची प्रवेशाची वही. आज त्या शाळेला छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत दाखल. अनुक्रमांक १९१४. नाव, भिवा रामजी आंबेडकर. ज्या दिवशी पोरगं त्या शाळेत पाय ठेवतं, ज्या दिवशी तिथल्या एकाही मास्तरानं त्याला अजून धडा शिकवलेला नाही, त्याच दिवशीची ही नोंद, आणि तिच्यात आंबेडकर. यावरनं अभ्यासकांत वाद आहे, लेख पडलेत, चॅनेलवर भांडणं झालीत. आठवण खरी का वही खरी?

मला त्या भांडणात पडायचं नाही. मला दोन्ही खरे धरूनच बोलायचंय. धरा की मास्तरांनीच लिहिलं. मग त्यांनी काय दिलं? आंबावडेकर मधलं एक अक्षर खाल्लं आणि आंबेडकर केलं. गाव आमचं, कर आमचा, कानामात्रा मास्तरांचा. माझ्या आज्याच्या मास्तरानंही लिहिलंच की. म्हणून माझं आडनाव त्यानं 'दिलं' असं होतं का? ज्याच्या हातात टाक असतो तो लिहितो. आमच्या हातात टाक का नव्हता हे विचारायचं सोडून टाकवाल्याच्या नावानं टाळ्या? तलाठ्यानं सातबारा लिहिला म्हणून रान तलाठ्याचं होत नाही.

आणि मास्तरच शोधायचा तर लांब कशाला जाता? रामजी सुभेदार स्वतः मास्तर होता. फौजेच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर. पोरांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा, तर्खडकरांची पुस्तकं हातात देणारा, पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण ठेवून पैसे आणणारा. हा बाप पोराला हाताला धरून शाळेत नेतो. त्याच्याकडं सकपाळ हे तयार कुळाचं नाव होतं. तरी वहीत पडलं ते गावावरचं. हे भाषणात कोण सांगत नाही. भाषणात बाप नेहमी दोन ओळींत मरतो आणि मास्तर अर्धा तास जगतो.

बरं, त्याच शाळेतलं बाकीचं सांगा ना. तेच पोरगं वर्गात कोपऱ्यात बसायचं, घरनं आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. ते गोणपाट झाडणारा गडीही हातात धरायचा नाही, म्हणून रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई येऊन चावी सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आता मला सांगा, भाकरी देणाऱ्या मास्तरांचं नाव आपल्याला पाठ आहे, आडनावासकट, जातीसकट. ज्यांनी नळ बंद ठेवला त्यांची नावं काय? त्यांची जात काय? एकानं भाकरी दिली ते समाजाच्या खात्यात जमा, आणि अख्ख्या शाळेनं पाणी दिलं नाही ते कुणाच्याच खात्यात नावे नाही. ही चोपडी लिहितो कोण?

आणि ते आडनाव इतकं जर उजळ होतं, एवढं जर वरच्याचं होतं, तर त्याचा उपयोग काय झाला ते तर बघू.

१९०१ साल. रामजी गोरेगावला नोकरीला. पोरं बापाला भेटायला निघाली, मसूर स्टेशनात उतरली. अंगात चांगले कपडे. बाप न्यायला आलेला नाही. स्टेशनमास्तर विचारतो, कोण तुम्ही? कपडे बघून त्याला वरच्या जातीची वाटली. एकाच्या तोंडातनं महार असं निघालं आणि स्टेशनमास्तर पाच पावलं मागं. बैलगाडीवाला मिळाला तो दुप्पट भाड्याला, तेही पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं तर गाडीवाल्यानं शिकवलं, मुसलमान म्हणून सांगा. पोरगं उर्दूत बोललं, मुसलमान म्हणून सांगितलं. तरी पाणी मिळालं नाही. भरलेल्या डब्याबरोबर पोरं उपाशी झोपली. हायस्कुलाच्या वहीत आंबेडकर पडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

१९१७ साल. कोलंबियात शिकून, लंडनला जाऊन आलेला माणूस बडोद्याला नोकरीला जातो. राहायला जागा नाही. शेवटी पारश्यांच्या खानावळीत, आणि तिथल्या वहीत काय नाव लिहायचं? पारशी नाव. रोज दीड रुपया देऊन खोट्या नावावर झोपायचं. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. सामान उचला. संध्याकाळपर्यंत झाडाखाली.

कुठं गेलं होतं तेव्हा मास्तरांचं आडनाव? चित्पावनी वाटणारं, कोकणस्थी वाटणारं, उच्चारायला नीटस? त्यानं एक खोली मिळाली नाही. एक तांब्या पाणी मिळालं नाही. आडनावानं जात झाकते हा समज ज्यांना आहे त्यांनी कधी खोली शोधलेली नाही.

मी शोधलीय. १९८४ साली पुण्यात नोकरी लागली. एका वाड्यात खोली आहे असं कळलं. मालकीणबाई दारात. आडनाव सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे माणदेशाकडचे का तुम्ही? छान हो." चहा आला. कपबशीत आला, काचेच्या ग्लासात नव्हे, तेव्हाच मला धडकी भरली. मग चौकशी हळूहळू खाली उतरली. वडील काय करतात, कुलदैवत कुठलं, देशस्थ का? मी म्हणालो, "आमच्यात कुलदैवत नाही." बाई हसल्या, "असं कसं? सगळ्यांना असतं." मी म्हणालो, "होतं. १९५६ ला सोडलं." बाई शांत झाल्या. भाडं ठरलेलं होतं, अनामत मी खिशातनं काढलेली होती. म्हणाल्या, "उद्या या हं, ह्यांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी भाचा येणार होता. पुण्यातल्या किती वाड्यांत किती भाचे येणार होते याची जनगणना व्हायला पाहिजे.

आजचा पोरगा मला म्हणतो, "तात्या, आता असं राहिलं नाही, आता सगळं मोबाईलवर." मोबाईलवरही भाड्याच्या जागेच्या जाहिरातीत 'शाकाहारी कुटुंबासाठी' लिहितात. तिथं कुलदैवत विचारायचं श्रमही वाचले. आणि माझ्या पोराला नोकरीच्या जागी चहा पिताना विचारलंच, "तुझं सरनेम युनिक आहे रे. कुठलं?" युनिक! पाटलाचा सवाल आता इंग्रजीत आलाय.

तर असं हे दुर्मिळ आडनाव. आता त्याची लोकप्रियता म्हणतात ती बघा. मतदारयाद्या धुंडाळा, आंबेडकर आडनावाची घरं बोटावर मोजाल. आणि चौक मोजायला जा, रस्ते, वसतिगृहं, वाचनालयं, बुद्धविहार, कॉलेजं. उत्तर प्रदेशात अख्खा जिल्हा आंबेडकर नगर, १९९५ सालचा. जन्मगाव महूला २००३ साली तेच नाव. जगात असं दुसरं आडनाव दाखवा, जे लावणारे मूठभर आणि आपलं म्हणणारे कोटींनी. आमच्या एका घराच्या आडनावाला हे भाग्य नाही आणि नको, कारण त्याची किंमत कशात मोजली तेही सांगतो.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव. आणि मराठवाड्यात महारवाडे पेटले. पुस्तकात, पाटीवर, डिग्रीच्या कागदावर हे आडनाव येणार म्हणून माणसं घरासकट जाळली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे. जयभीम सोड म्हणाले, त्यानं सोडलं नाही. १९७९ ला नागपुराहून लाँग मार्च निघाला. लाठ्या, गोळ्या, तुरुंग. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारेनं नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला पाटी लागली. सोळा वर्षांला थोडे महिने कमी. आणि तरी पूर्ण नामांतर नाहीच, नामविस्तार. आंबेडकरही आणि मराठवाडाही. एक अक्षर खाल्ल्याचं कौतुक करणाऱ्यांनी इथं एक शब्द वाढवायला सोळा वर्षं घेतली.

मास्तरांनी आडनाव दिलं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मी हे विचारतो. ते जर तुमच्यातलंच आडनाव होतं, तर तुमच्यातलं आडनाव विद्यापीठाला लागणार म्हणून दंगल का झाली? तुम्ही तर पेढे वाटायला पाहिजे होते. १९७८ ला तुम्हाला बरोबर ठाऊक होतं ते आडनाव कुणाचं. देण्याची आठवण फक्त जयंतीला येते.

हे जुनं झालं म्हणाल तर २४ मे २०२२. आंध्रातलं अमलापुरम. नवा कोनसीमा जिल्हा, त्याच्या नावापुढं डॉ. बी. आर. आंबेडकर लावायचं ठरलं, तर जमावानं एका मंत्र्याचं आणि एका आमदाराचं घर पेटवलं. तिथं मराठी येत नाही, आंबडवे कुठं ते ठाऊक नाही, कर म्हंजे काय ते ठाऊक नाही. तरी आडनावाचा अर्थ बरोबर कळला. तिथल्या माणसाला आंबेडकर शब्दाचा एकच अर्थ कळतो, खालचा वर आला. शब्दकोशात हा अर्थ नाही.

आणि एक गंमत. २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारनं हुकूम काढला, कागदोपत्री भीमराव रामजी आंबेडकर असं पूर्ण लिहायचं. लखनौच्या राजभवनात तेव्हा मराठी माणूस होता, त्यानं हिंदीतलं अम्बेडकर दुरुस्त करून आंबेडकर करायला लावलं. शुद्धलेखन म्हणून बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण मधल्या रामजीवर ज्यांचे डोळे चमकले त्यांना सुभेदार दिसला नव्हता, दुसराच कुणी दिसला होता. आम्हाला मात्र ह्यात बाप दिसला, बरं वाटलं. लिहा रामजी. आणि लिहिताच आहात तर त्यानं पहाटे कंदील लावून पोराला उठवलेलं, लेकीचा गहाण टाकलेला दागिना, हेही लिहा.

आपल्यातल्यांनाही दोन शब्द. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातीची नावं काढायची. महारवाड्याचं भीमनगर, समतानगर. आमच्या वस्तीलाही निळी कमान आली. चांगलं झालं. पण एसटीचा कंडक्टर अजून 'वाड्यावर कोण उतरणार' असंच विचारतो. आपल्यातली काही शिकली-सवरलेली पोरं राजपत्रात जाहिरात देऊन कुळाचं आडनाव टाकतात आणि गुळगुळीत काही घेतात. त्यांना मी शिव्या देत नाही. खोली मलाही मिळाली नव्हती. फक्त एवढं विचारतो, नवं नाव घेताना ते कुणासारखं दिसावं म्हणून घेताय? रामजीनं गाव घेतलं होतं. कुणासारखं दिसायला नव्हे. ज्या मातीत शीव चालला होता ती घेतली.

माझी नात आता पहिलीत जाईल. फॉर्म घरी आलाय. पोरगा म्हणतो, तात्या, आडनावाच्या रकान्यात नुसतं आईबापाचं नाव लिहिलं तरी चालतं, आजकाल खूप जण लिहितात. सून म्हणते, नको, एकच घर राहिलंय आपलं. फॉर्म अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. माझं मत विचारलं नाही, विचारलं तर सुनेकडचं आहे.

आणि त्या प्राध्यापकांना मी पत्र धाडलंय. भाकरीबद्दल आभार मानलेत, वहीतला अनुक्रमांक कळवलाय. ७ नोव्हेंबर हा २०१७ पासून सरकारी विद्यार्थी दिवस आहे, त्यादिवशी सातारला येता का म्हणून विचारलंय. जाण्याचं भाडं मी देतो म्हणालोय. ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी आदल्या रात्री वस्तीच्या कमानीपाशी यावं. पहाटे सहाची गाडी आहे.